अकरा रांजण

मी कुंभाराच्या घरात जन्मले नाही. माझं माहेर गडबचं, भातशेतीचं. पेणला कॉलेजात असताना रोह्याकडच्या एका मुलाशी ओळख झाली, लग्न करीन तर त्याच्याशीच असं ठरवलं, आणि शेतकऱ्याची मुलगी कुंभारवाड्यात सून म्हणून आली. दोन्ही घरांना ते पचायला वेळ लागला. सासरच्यांना कमी लागला, कारण माती मळायला दोन हात वाढले होते. माहेरच्यांना जास्त लागला. मी गेले की आई जवळ बसवून जेवायला वाढायची, पण वीस वर्षांत ती माझ्या घरी एकदाही आली नव्हती.

नवरा डोलवीला कंपनीत कंत्राटावर आहे. तो शिफ्ट सांभाळायचा आणि घरचा धंदा सासरे सांभाळायचे. मी त्यांना मामा म्हणते. मामा चाकावर बसायचे. मी माती चाळायची, मळायची, भाजलेली मडकी घेऊन रोह्याच्या बाजारात बसायची. चाकाला बाईनं हात लावायचा नाही, असा आमच्या वाड्याचा नियम. तो कुणी केला हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण मोडलाही कुणी नव्हता.

मग एका पावसाळ्यात मामांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. महिन्याभरात बोलणं परत आलं, पाय काठीच्या आधारानं चालू लागला. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की ठेवला तिथंच राहायचा. आम्ही चाकावर गोणपाट टाकलं. मामा दिवसभर पडवीत बसून त्या गोणपाटाकडे बघत राहायचे. मला ते बघवेना.

एका दुपारी मी विचारलंच, "मामा, मी शिकू का?"

त्यांनी डाव्या हातानं गोणपाटाकडे बोट केलं. मग म्हणाले, "चाक नाय."

मी उठले. तेवढ्यात मागून आवाज आला, "बस की! पुरतं आयकून तरी घे. रांजणाला चाक लागत नाय. रांजण हातानं चढवायचा न् थापीनं ठोकायचा. थापीला बाईनं हात लावू नये असं काय मी कुनाकडनं आयकलेलं नाय."

अशी मी रांजण करायला शिकले. कमरेएवढा उंच, पोटात आठ-दहा हंडे पाणी मावेल असा. मातीची जाड वळी करून एकावर एक बसवायची, आतून गोल दगड धरायचा, बाहेरून लाकडी थापीनं ठोकत भिंत पातळ करत न्यायची. दिवसाला एक वीत, त्याहून जास्त नाही. घाई केली तर वरच्या ओझ्यानं खालचं पोट बसतं. माझे पहिले सहा रांजण असेच बसले. सातवा उभा राहिला.

मामा उठून बघायला येत नसत. पडवीत डोळे मिटून बसत आणि थापीचा आवाज ऐकत. "डाव्या अंगाला जाड हाय," तिथूनच सांगत. मी आत हात घालून बघायची, तर खरंच डावी बाजू जाड असायची. पहिल्यांदा मला वाटलं, चुकून जमलं असेल. पंधरा दिवसांनी कळलं, हा माणूस कानानं बघतो.

तो सातवा रांजण आमच्या अंगणात पाण्यासाठी ठेवला होता. रोह्याला नातेवाइकांकडे आलेल्या एक बाई तो बघून थांबल्या. पेणच्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, अजूनही रोज शाळेत जाणाऱ्या. घरची जमीनजुमल्याची मंडळी, पण उभा जन्म खडूफळ्यात गेलेला. त्यांनी वाटीनं पाणी घेऊन प्यायलं, आणखी एक वाटी घेतली.

"आमच्या शाळेत गच्चीवर प्लास्टिकच्या टाक्या आहेत," त्या म्हणाल्या. "मार्चमध्ये नळ सोडला की पोरांना चहाचं आधण प्यायल्यासारखं वाटतं. मला असे चार करून द्याल?"

दिवाळी झाल्यावर चार रांजण तयार झाले. खणखणीत भाजलेले, एकालाही ओरखडा नाही. टेंपोत हातभर पेंढा अंथरला, मधल्या जागेत पेंढा ठासला, वरून ताडपत्री बांधली. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. नागोठणं सोडलं आणि हायवे सुरू झाला. जिथं काम चाललं होतं तिथं खडी, जिथं नव्हतं तिथं खड्डे. गडबच्या अलीकडे एका खड्ड्यात मागचं चाक असं आपटलं की माझे दात एकमेकांवर वाजले. मागून भांडी पडल्यासारखा आवाज आला. ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं नाही. मीही त्याच्याकडे बघितलं नाही.

पेणला शाळेच्या फाटकात ताडपत्री सोडली, तेव्हा मधली सुट्टी होती. दीडशे पोरं बघायला जमली. तीन रांजणांची खापरं झाली होती. चौथा उभा होता, पण गळ्यापासून तळापर्यंत तडा गेलेला. एका पोरानं मोठ्यानं विचारलं, "बाई, हे असंच आणलंय का?" मला वाटलं, जमीन फाटावी.

बाईंनी एक खापर उचललं, उन्हात धरून त्याची कड बघितली, बोटानं वाजवली. मग म्हणाल्या, "मला खरं म्हणजे अकरा हवेत. दहा वर्ग आणि एक शिक्षकांची खोली. हे चार मी परीक्षा म्हणून मागवले होते."

"मग नापासच झाले की मी," मी म्हटलं.

"करण्यात पास आहात, आणण्यात नापास. आणायचं कसं तेवढं बघा आणि मार्चच्या आत मला अकरा द्या. थांबते मी."

परतताना गडबला माहेरी टेंपो थांबवला. दारात आईला बघितलं आणि मला रडू फुटलं. तिनं आधी मला पाणी दिलं, मग काही न विचारता टेंपोत चढली, खापरं चाळली, पेंढा मुठीत धरून बघितला.

"पेंढ्यावर ठेवलीस होय गो? पेंढा दबतो. पहिल्या दोन खड्ड्यांत पार सपाट झाला असंल. मग लोखंडावर ठेवल्यासारखंच झालं." तिनं मला स्वयंपाकघरात नेलं. तुळईला शिंकं टांगलं होतं, त्यात दह्याचं मडकं. तिनं शिंक्याला हातानं चांगला झोका दिला. मडकं डुलत राहिलं. "हे असं टांगून ने."

"आई, एकेक रांजण माझ्या कमरेएवढा हाय."

"मग शिंकं मोठं करू. वाखाची दोरी बैल वढून दमंल, पन तुटनार नाय."

आई पूर्वी घायपाताच्या पानांतला वाख काढून दोर वळायची. गुरांची दावी, कासरे, शिंकी. आमच्या आळीतल्या प्रत्येक गोठ्यात तिच्या हातचा दोर होता. मग नायलॉन आलं, गुरं कमी झाली आणि तिचे हात थांबले. शेतांच्या बांधावर घायपात मात्र तसंच उभं होतं. ते कुणाला नको होतं.

घरी आले तर नवरा सेकंड शिफ्टला निघण्याच्या तयारीत होता. टेंपोतली खापरं बघून म्हणाला, "आमच्या कँटीनला बाया घेतायत. बघ, हवं तर सांगतो." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, काळजी होती, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

"मार्चपर्यंत थांब," मी म्हटलं. "नाय जमलं तर मी आपणहून येते कँटीनला."

तो डबा घेऊन उभा राहिला, जरा हसला. "घायपात तोडायला कोन येनार हाय तुझ्यासंगं? रविवारी मला सुट्टी हाय."

त्या रविवारी आम्ही दोघांनी गडबच्या बांधांवरून पानं तोडली. पानांच्या टोकाला काटा, आणि रस लागला की अंगाला अशी खाज सुटते की दोन दिवस झोप नाही. नवऱ्याच्या मानेवर लाल चट्टे उठले. कंपनीत सगळे विचारत होते म्हणे, कुठल्या भट्टीवर होतास? पानं आईनं डबक्यात दगडाखाली दाबून ठेवली. तीन आठवड्यांत ती कुजली आणि आळीभर घाण सुटली. शेजारणी नाकाला पदर लावून जायच्या. आई म्हणायची, "चार दिवस सोसा गो, पोरीचं काम हाय." कुजलेली पानं ठोकली, धुतली, वाळवली, की आतून लांबसडक, पांढरे, चकाकणारे धागे निघाले. मी रविवारी रविवारी जाऊन तिच्याजवळ बसायची. ती मांडीवर धागा वळायची, मी दुसरं टोक धरून पीळ द्यायची. तिच्या बोटांना काहीही आठवावं लागत नव्हतं.

इकडे मी तेरा रांजण चढवले. एक वाळतानाच तडकला. बारा उरले.

आता प्रश्न झाकणांचा. रांजणाला थापी चालते, पण झाकण चाकावरच निघतं. कुंभारवाड्यात चाकावर बसणारं कुणी उरलं नव्हतं. ज्यांना येत होतं ते सगळे कंपनीत किंवा रिक्षावर. मी मामांना म्हटलं, "पत्र्याची झाकणं आणू का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर चाकावरचं गोणपाट काढलेलं. मामा डाव्या हातानं चाकाच्या खुंटीला तेल घालत होते. "बस," एवढंच म्हणाले.

मी बसले. चाकानं पहिल्या दिवशी माझी पार दैना केली. मातीचा गोळा दोनदा उडून भिंतीवर बसला. बातमी दुपारपर्यंत वाड्यात फिरली. संध्याकाळी मामांचा चुलतभाऊ दारात येऊन उभा राहिला. "बाईमानूस चाकावर? तुज्या घरात कुनी पुरुष उरला नाय का?"

मामांनी मांडीवरचा उजवा हात डाव्या हातानं उचलून त्याला दाखवला. "माजा ह्यो गेला. तुजे दोन शाबूत हायत. बस तू. सूनबाय उठंल."

चुलतसासरे चाकाकडे बघत राहिले. त्यांनी तीस वर्षं मातीला हात लावला नव्हता. शेवटी चप्पल पायात सरकवत म्हणाले, "माजं काय म्हननं नाय. मी आपलं इचारलं." त्यानंतर वाड्यात कुणी विचारलं नाही. आठवड्यानं माझी झाकणं गोल निघू लागली.

रांजणांची भट्टी दोनदा लावली, सहा-सहाची. तूस, शेणी आणि लाकूड. धूर पांढरा झाला की दार बंद. पहिल्या भट्टीचे सहाही रांजण चांगले निघाले. दुसरी उघडली तेव्हा मामा खुर्ची घेऊन शेजारी बसले. मी एकेक रांजण बाहेर काढून त्यांच्यापुढे ठेवत होते आणि ते डाव्या हाताच्या बोटानं टकटक करत होते. "ह्यो बोलतोय. ह्यो पन बोलतोय." पाच बोलले. सहाव्यावर त्यांचं बोट थांबलं. परत वाजवलं. "ह्यो मुका हाय. बाजूला काढ."

मला तो फार आवडला होता. पोटावर ज्वाळेची तांबूस छटा आली होती. "काय झालंय त्याला? सगळीकडनं बघितलं मी."

"पानी भर."

मी भरलं. तास-दोन तासांनी त्याच्या पोटावर केसाएवढी ओली रेघ उमटली. म्हणजे आता बरोबर अकरा राहिले होते. एकही जास्तीचा नव्हता.

शिंकी रांजणाच्या अंगावरच गुंफावी लागतात, म्हणजे आईला माझ्याकडे यावं लागणार होतं. मी फोनवर हे सांगितलं. मग आई म्हणाली, "सकाळची कुठली गाडी पकडू?"

एसटीतून ती उतरली तेव्हा डोक्यावर वाखाचं भेंडोळं होतं आणि हातात पिशवी. मामा काठी टेकत दारापर्यंत गेले. वीस वर्षांत त्या दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं. मामा म्हणाले, "या. दोर दाखवा." तिनं भेंडोळं पुढे केलं. त्यांनी दोर दातांत धरून ओढला, मान हलवली. "चांगला पीळ हाय." आई म्हणाली, "तुमचा रांजण बगते मग मी." ती रांजणाभोवती एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "बरा हाय." मी चहा ठेवायला आत गेले, कारण मला हसूही येत होतं आणि डोळेही भरत होते.

आई आमच्याकडे आठ दिवस राहिली. आम्ही प्रत्येक रांजणाच्या तळाशी दोराचं कडं बसवलं, तिथून वर गाठी घेत जाळं विणत नेलं, गळ्याशी चार पदर एकत्र बांधले. पहिली दोन शिंकी झाली तेव्हा आंब्याच्या फांदीला दोन रांजण शेजारी शेजारी टांगून बघितले. टेंपो हलतो तसं मी एकाला ढकललं. तो डुलत गेला आणि दुसऱ्यावर आदळला. नशीब, नुसता टवका उडाला, तोही काठाचा, झाकणाखाली जाईल असा. मी दोन्ही रांजण हातांनी धरून थांबवले.

आई आणि मामा एकाच वेळी बोलायला लागले. आई म्हणत होती, आडवे दोर ताणून बांधा. मामा म्हणत होते, मधे काहीतरी मऊ घाला. शेवटी दोन्ही केलं. बायका डोक्यावर घागरीखाली ठेवतात तशा काथ्याच्या जाड चुंबळी वळल्या आणि दर दोन रांजणांमध्ये एकेक अडकवली. वरून शिंकं, बाजूंनी ताणे, मधे चुंबळ. परत ढकललं. दोन्ही रांजण एकत्र डुलले आणि एकत्र थांबले.

ठरल्या सकाळी टेंपो आला. यावेळी छपराला लोखंडी पाइप असलेला टेंपो मागवला होता. तोच ड्रायव्हर होता. नवऱ्यानं शिफ्ट बदलून घेतली होती. दोघा-दोघांनी बांबूवर तोलत एकेक रांजण आत नेला आणि पाइपाला टांगला, फळीपासून चार बोटं वर. अकरा टांगून झाल्यावर ड्रायव्हरनं आत डोकावून बघितलं.

"मावशी, टेंपो हाय का पाळणाघर?"

"पाळणाघरच हाय," आई म्हणाली. "तशीच चालव."

मामांना घरी थांबा म्हटलं तर ते आधीच पुढच्या सीटवर बसलेले. आई आणि मी मागे, रांजणांबरोबर. नवरा मोटरसायकलवर मागोमाग. रोहा सुटलं, नागोठणं गेलं. हायवे होता तसाच होता. पहिल्या खड्ड्याला अकराही रांजण एकदम वर उचलल्यासारखे झाले, एकदम खाली आले, डुलले. दोर करकरले. मी कान लावून ऐकत होते; मातीचा आवाज आला नाही. दुसरा खड्डा. तिसरा. आई एका हातानं पाइप धरून दुसऱ्या हातानं गाठी चाचपत होती. गडबच्या अलीकडचा तो खड्डा मला पाठ झाला होता. टेंपो त्यात गेला, बाहेर आला, माझे दात वाजले. रांजण झुलत होते. आईनं खाली वाकून एकेकाच्या तळाला हात लावून बघितलं आणि माझ्याकडे बघून नुसती मान डोलावली. मी ओरडलेच. काय ओरडले ते आठवत नाही. पुढे ड्रायव्हरनंही हॉर्न दाबला, लांबलचक, कारण नसताना.

पेणला बाई फाटकात उभ्या होत्या. पुन्हा पोरं जमली. नवऱ्यानं ताडपत्री वर टाकली. कुणीतरी मोजायला सुरुवात केली. सगळी शाळा मोजू लागली, मोठ्यानं, एक, दोन, तीन, अकरापर्यंत. अकरावा खाली उतरला तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला.

मामांनी मात्र टाळ्यांकडे लक्ष दिलं नाही. ते काठी टेकत व्हरांड्यातून फिरले, प्रत्येक रांजणाशी थांबले, डाव्या बोटानं वाजवलं. पोरं त्यांच्या पाठोपाठ सरकत ऐकत होती. शेवटच्याला वाजवून ते बाईंकडे वळले. "अकराच्या अकरा बोलतायत. पहिलं पानी ओतून टाका, दुसरं प्या."

बाईंनी माझा हात हातात घेतला. "पास," त्या म्हणाल्या, "पहिल्या नंबरानं." आणि मग पोरांना सांगितलं, "ह्या कुंभार. ह्यांनी हे केलेत." मी सगळ्यांदेखत आईला पुढे ओढलं आणि म्हटलं, "आणि हिनं आणलेत."

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला, की मधल्या सुट्टीतच सगळे रांजण रिकामे झाले आणि शिपाई दुसऱ्यांदा पाणी भरतोय. पोरं तहान नसताना पीत आहेत.

पण त्या दिवशीचं मला जास्त आठवतं ते परतीचं. नागोठण्याच्या पंपावर ड्रायव्हर डिझेल भरायला थांबला. मामांनी खिडकीची काच खाली केली. पंपावरच्या माणसानं त्यांना काही विचारलं नव्हतं. मामा त्याला म्हणाले, "रोह्यावरनं अकरा रांजण नेले पेणला. ह्या रस्त्यानं. सुनंनं केलेले. अकराच्या अकरा पोचले."

तो म्हणाला, "बरं झालं, आजोबा."

"बरं काय झालं!" मामा म्हणाले. "अकराच्या अकरा, म्हनतोय मी!"

मागच्या हवेच्या पंपाशी एक ट्रकवाला उभा होता. मामांनी ड्रायव्हरला सांगितलं, गाडी जरा त्याच्याकडं घे.